रात्री फोनवरचा डॉक्टर : सेवा चांगली की वाईट, हे मोजायचं कसं?

रत्नागिरीत सुचावी अशी ही कल्पना आहे. दवाखाने बंद झाल्यावर ताप, खोकला, जुलाब अशा किरकोळ दुखण्यांसाठी फोनवर डॉक्टर जोडून द्यायचा. गाव लांब, शेवटची एसटी गेलेली. म्हणजे गरज खरी आहे.

आधी नियम बघा. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार सल्ला देणारा नोंदणीकृत डॉक्टरच हवा. तुम्ही नाही, तुमचं अ‍ॅपही नाही. पहिल्याच वेळी नुसत्या आवाजावर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधीच औषधं लिहून देता येतात. त्यापुढच्या यादीतल्या औषधांना पहिल्यांदा व्हिडिओ लागतो. म्हणजे तुम्ही विकता ती व्यवस्था. शिवाय ई-संजीवनी फुकट आहे आणि 108 ची अ‍ॅम्ब्युलन्सही. मग लोक तुम्हाला पैसे का देतील? भरवशासाठी. आणि भरवसा मोजावा लागतो.

बहुतेक जण फोन किती आले आणि स्टार किती मिळाले ते मोजतात. पण रात्री दोनला कुणी गोड बोललं की स्टार मिळतातच! खरा प्रश्न वेगळा आहे : ज्यांना आपण ‘घरीच थांबा’ म्हटलं, त्यांचं पुढे काय झालं?

इंग्लंडमधल्या विल्टशायर भागात 1997 साली हेच तपासलं गेलं. दवाखान्याच्या वेळेबाहेरचे फोन प्रशिक्षित नर्सनी घ्यायचे, अशी पद्धत काही वेळा ठेवून आणि काही वेळा न ठेवता वर्षभरात 14,492 फोनांचा हिशेब ठेवला. नर्सच्या पद्धतीत जवळपास निम्मे फोन डॉक्टरपर्यंत न जाता मिटले. पण तेवढ्यावर कुणी खूश झालं नाही. नंतरचे मृत्यू आणि तातडीने अ‍ॅडमिट झालेले रुग्ण वाढले का, हेही पाहिलं. वाढले नव्हते.

एवढे फोन कशाला? कारण 100 फोनांत एकही घोळ दिसला नाही, तरी घोळाचं खरं प्रमाण 3 टक्क्यांपर्यंत असू शकतं. सुरुवातीचा ‘शून्य तक्रारी’चा बोर्ड म्हणजे पुरावा नव्हे.

तुमच्याकडे चौदा हजार फोन नसणार. म्हणून ‘घरी थांबा’ सांगितलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी फोन करा : बरं वाटलं का, दुसरीकडे दाखवलं का, अ‍ॅडमिट व्हावं लागलं का? फोन न उचलणाऱ्यांना ‘बरे झाले’ धरू नका, त्यांचा रकाना वेगळा. आणि दर आठवड्याला काही नोंदी सेवेबाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रश्नावली मात्र शहरातून कॉपी करू नका. कोकणात पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हटलं की ‘लावणीला चिखलात उतरला होतात का?’ हे विचारलंच पाहिजे. लेप्टोची सुरुवात साध्या तापासारखीच होते. उत्तर ‘हो’ आलं, तर फोनवर मिटवायचं नाही. त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणीला पाठवायचं. त्या फोनवर फी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी पहिल्याच बैठकीत ठरवा आणि लिहून घ्या.