पेनसिल्व्हेनियाचा परवाना डेलावेअर नदीपलीकडे चालत नाही

प्रश्न : मी ॲलनटाऊनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. दुकानात चोरी झाल्यावर मी पिस्तूल घेतलं आणि ते अंगावर लपवून बाळगण्याचा परवाना शेरीफच्या कार्यालयातून काढला. गणपतीला न्यू जर्सीत, एडिसनला मामांकडे दोन दिवस मुक्काम आहे. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला न्यू यॉर्कमार्गे वर्मांटला जायचा बेत आहे. पिस्तूल बरोबर नेलं तर चालेल का? गाडी अधूनमधून पत्नीही चालवते. ती एच-१बी व्हिसावर आहे.
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : एडिसनला पिस्तूल नेऊ नका. वर्मांटला नेता येईल, पण अटी कडक आहेत. आणि पत्नीच्या व्हिसाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला असला, तरी मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

पेनसिल्व्हेनियाच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर कॅलिफोर्नियापर्यंत गाडी नेता येते, म्हणून बंदुकीच्या परवान्याचंही तसंच असेल असं आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात. तसं नाही. दुसऱ्या राज्याचा परवाना मानायचा की नाही, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. सगळ्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडलं. २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. परवाना मागण्याचा राज्यांचा अधिकार मात्र कायम राहिला. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क बाहेरचा एकही परवाना मानत नाहीत.

न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला अटलांटिक काउंटीत साध्या वाहतुकीच्या कारणावरून थांबवलं. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता, म्हणून आपल्याजवळ पिस्तूल आहे हे तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं. तिला अटक झाली. देशभर गाजावाजा झाल्यावर तुरुंगवास टळला आणि २०१५ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिली. त्या प्रकरणानंतर, बाहेरून आलेल्या अशा परवानाधारकांशी सौम्यपणे वागण्याच्या सूचना राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सरकारी वकिलांना दिल्या. पण त्या सूचनांच्या भरवशावर तुम्ही राहू नका, कारण तुम्ही नागरिक नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं, मग शिक्षा तुरुंगाची असो की नुसत्या प्रोबेशनची. ‘गुन्हा कबूल करा, घरी जा’ हा सौदा नागरिकाला परवडतो, तुम्हाला नाही.

मामांकडे वारंवार जाणं होत असेल आणि पिस्तूल हवंच असेल, तर एक सरळ मार्ग आहे. न्यू जर्सीच्या परवान्यासाठी बाहेरच्या राज्यातला माणूसही तिथल्या स्टेट पोलिसांकडे अर्ज करू शकतो. वेळ लागतो, प्रशिक्षणाचा दाखला लागतो. गणपतीपर्यंत हे होणार नसेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून जा.

आता वर्मांट. तिथे पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही, बाहेरच्यांनाही नाही. अडचण आहे ती वाटेतल्या न्यू यॉर्कची. त्यासाठी १९८६ चा एक केंद्रीय कायदा उपयोगी पडतो. जिथून निघालात आणि जिथे चाललात त्या दोन्ही ठिकाणी पिस्तूल बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येतं. मात्र पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाती लागता कामा नयेत. म्हणजे कुलूपबंद पेटीत घालून डिकीत. गाडीला वेगळी डिकी नसेल, एसयूव्ही असेल, तर कुलूपबंद पेटी सक्तीचीच. ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा, कुलूप असलं तरी, चालत नाही. न्यू यॉर्कच्या कायद्यात पिस्तूल आणि त्यात बसणाऱ्या गोळ्या एकाच वेळी जवळ असल्या, तरी ते ‘भरलेलं’ धरलं जातं. म्हणून पेटीच्या बाबतीत हयगय नको.

हे संरक्षण प्रवासापुरतं आहे, मुक्कामाला नाही. युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं २००५ मध्ये नेवार्कला पुढचं विमान चुकलं. सामान ताब्यात घेऊन तो रात्रभर हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्याने भरपाईसाठी लावलेला दावा २०१० मध्ये अपील न्यायालयात फेटाळला गेला. हॉटेलात पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, म्हणून केंद्रीय कायद्याचं कवच तिथे लागू होत नव्हतं. मला हा निकाल कठोर वाटतो, कारण विमान चुकण्यात त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. पण निकाल आहे तो आहे. तेव्हा ऑल्बनीला मित्राकडे रात्र काढायचा विचार असेल तर सोडा. पेट्रोल, जेवण, आणि पुढे.

मॅगझिन तपासा. अनेक पिस्तुलांबरोबर १७ गोळ्यांची मॅगझिन येते. वर्मांटमध्ये पिस्तुलासाठी कमाल १५ गोळ्यांची मर्यादा आहे, न्यू यॉर्कात १०. दहाच्या आतलीच न्या. आणि बर्लिंग्टनहून मॉन्ट्रियल जवळ आहे म्हणून तिकडे वळायचा मोह झाला, तर लक्षात ठेवा, कॅनडात हे पिस्तूल नेता येणार नाही.

पत्नीबद्दल. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. अधिकृत शिकारीचं लायसन्स असे थोडे अपवाद आहेत. कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं झाली आहे. ‘बाळगणं’ म्हणजे हातातच असलं पाहिजे असं नाही. डिकीत काय आहे हे तिला ठाऊक आहे, पेटीची किल्ली तिच्या जुडग्यात आहे आणि गाडी घेऊन ती एकटीच दुकानात गेली आहे, एवढंही पुरेसं ठरू शकतं. म्हणून किल्ली किंवा आकडा फक्त तुमच्याकडे ठेवा आणि ती एकटी गाडी नेणार असेल तेव्हा पेटी आधी उतरवा. घरच्या तिजोरीलाही हाच नियम. हे मी फार आग्रहाने सांगतो आहे, कारण या नियमाची कल्पना नसलेली कितीतरी जोडपी मला भेटतात.

कधी अटक झालीच, तर कुठलीही कबुली देण्याआधी फौजदारी वकिलाला ‘मी नागरिक नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा कबुलीचा देशातल्या वास्तव्यावर काय परिणाम होईल हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ठरवलं आहे.

प्रश्न : ओहायोत आता परवान्याची गरज उरलेली नाही. मी नागरिक आहे. मग पैसे आणि वेळ घालवून परवाना कशाला काढायचा?
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : काढा. जून २०२२ पासून ओहायोत पात्र असलेल्या २१ वर्षांवरील व्यक्तीला परवाना लागत नाही हे खरं, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. पेनसिल्व्हेनिया ओहायोचा परवाना मानतं. परवाना नसताना पिट्सबर्गच्या देवळाला जाताना गाडीत भरलेलं पिस्तूल ठेवलंत, तर तिथे तो गुन्हा आहे. शिवाय केंद्रीय कायद्यानुसार शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेता येत नाही. ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. शहरात रोज गाडी चालवताना अशा किती शाळांवरून जाता ते आठवून बघा. आणि परवाना हाती आला तरी प्रत्येक प्रवासाआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या पोलिसांचं किंवा ॲटर्नी जनरलचं संकेतस्थळ नव्याने पाहा. हे नियम दर अधिवेशनात बदलतात.