शर्यतीचा टायर, सरावाचा टायर

सायकल घेताना गिअर किती आणि फ्रेम कशाची, हे आपण दहा जणांना विचारतो. टायर मात्र दुकानदार देईल तो घेतो. वास्तविक सायकलीची आणि रस्त्याची गाठ पडते ती फक्त टायरपाशी. आणि किती जागेत? स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरा. त्यातले साधारण ४५ किलो मागच्या चाकावर येतात. हवा ८० पीएसआय असेल, तर बल भागिले दाब या हिशेबाने जमिनीला टेकणारा भाग येतो सुमारे ८ चौरस सेंटीमीटर. म्हणजे कॅरमच्या एका सोंगटीएवढा! ब्रेक, वळण, वेग, सगळा कारभार या सोंगटीवर चालतो.

टायरच्या तीन जाती

१) ट्युब्युलर : ट्यूबभोवती टायर शिवून टाकलेला असतो आणि तो रिमला गोंदाने चिकटवतात. वजनाला हलका, म्हणून अनेक वर्षं शर्यतवाल्यांचा लाडका. पण पंक्चर झाला की शिवण उसवायची, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा शिवायचं. हॉस्टेलवर हे कोण करणार?

२) क्लिंचर : आपला नेहमीचा टायर, ट्यूब वेगळी. १८९१ मध्ये मिशलँ कंपनीने सायकलीचा काढता-घालता येणारा टायर आणला, तेव्हापासून पंक्चर काढणं सोपं झालं. याच्या कडेला पोलादी तार असते. महागड्या टायरमध्ये तारेऐवजी केव्हलारचा धागा असतो, म्हणून त्याची घडी होते.

३) ट्यूबलेस : आत ट्यूबऐवजी पातळ सीलंट. बारीक भोक पडलं तर आपोआप बुजतं. आज मोठ्या शर्यतींत हाच दिसतो. मात्र रिम त्याच प्रकारची लागते, सीलंट वाळतं म्हणून काही महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं आणि साध्या हातपंपाने टायर रिमवर बसेलच असं नाही.

फरक किती पडतो?

शर्यतीच्या टायरचं कापड बारीक धाग्याचं आणि रबर पातळ, म्हणून तो सहज दबतो आणि ऊर्जा कमी खातो. सरावाच्या टायरला रबर जाड, आणि चांगल्या टायरमध्ये रबराखाली काटे-काचा अडवणारा पट्टा असतो. आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा : लोटण-घर्षणाचा गुणांक गुणिले वजन गुणिले वेग. शर्यतीच्या टायरला ०.००४ आणि जाड टायरला ०.००७ धरा. ताशी ३० किलोमीटरला पहिला २५ वॅट खातो, दुसरा ४३. फरक १८ वॅटचा. या वेगाला एकूण साधारण १६० ते १८० वॅट लागतात, म्हणजे जवळजवळ एक दशांश!

वजनाचंही तेच. जोडीमागे ४०० ग्रॅम वाचले, तर अर्ध्या तासाच्या चढणीत जेमतेम १० सेकंद वाचतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' व्हायचं असेल तर १० सेकंद फार झाले. रोजच्या सरावात त्यांना काडीची किंमत नाही. उलट जड टायरवर पायाला जास्त काम पडतं, ते फुकटचं ट्रेनिंगच समजा.

आपला रस्ता

आपला सराव होतो चिंचोटी ते अंजूर फाटा रस्त्यावर. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक, पावसाळ्यातले खड्डे, खडी आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या बारीक पोलादी तारा. पातळ टायरला ही तार हमखास लागते. मग अंधार पडत असताना ट्रकच्या बाजूला उभं राहून ट्यूब बदलायची. हा प्रश्न १८ वॅटचा नाही, जिवाचा आहे.

म्हणून इथे सरावाला २८ मिलिमीटरचा, पट्टा असलेला क्लिंचर घ्यावा. साठ-पासष्ट किलोच्या मुलाला ७० ते ८० पीएसआय पुरे. दगडासारखी हवा भरली की सायकल खड्ड्यांवर उडते आणि वेग कमीच होतो. पावसासाठी नक्षीदार टायर शोधू नका. विमानाच्या टायरचं सूत्र लावलं, तर ८० पीएसआयला पाण्यावर तरंगायला ताशी सुमारे १५० किलोमीटर वेग लागतो! सायकल घसरते ती चिखल, तेल आणि रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्यांवर. तिथे वळताना ब्रेक दाबू नये.

विकत घेण्यापूर्वी

इंचांवर जाऊ नका, टायरवरचा मिलिमीटरचा आकडा वाचा. जुन्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ चा, रेसिंग सायकलीचा ६२२ चा. माउंटन बाइकचा २६ इंची ५५९ चा, तर लेडीज सायकलीचा बहुधा ५९० चा. नाव एक, पण एकमेकांना बसत नाहीत. रेसिंग सायकलीचा वॉल्व बारीक असतो. त्याला पंक्चरवाल्याच्या मशीनचं तोंड लागत नाही, म्हणून छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

खिशाला झेपत असेल तर शर्यतीच्या टायरची एक जोडी घडी करून कपाटात ठेवावी. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी चढवून एक फेरी मारावी आणि शर्यत संपली की उतरवावी. एकच जोडी परवडत असेल तर ती सरावाची घ्या. वर्षातले बहुतेक दिवस सरावाचेच असतात, आणि रात्रीच्या मेसला वेळेवर पोचणं हीसुद्धा एक शर्यतच आहे!