विस्मरण, वनौषधी आणि वृद्धांची देखभाल

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुका हा अवर्षणप्रवण भाग होय. दसरा-दिवाळीनंतर तिसगावच्या परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. घर, गुरे आणि कित्येकदा नातवंडेही वृद्धांवर सोपविली जातात. अशा घरातील आजोबा रोजची वाट चुकू लागले किंवा आजी पेटती चूल विसरू लागल्या, तर ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष होते. नाहीतर ब्राह्मीची पुडी आणून दिली जाते. या दोन्ही गोष्टींचा विचार होणे आवश्यक आहे.

परंपरेतील औषधी

बुद्धी व स्मृती यांना बळ देणाऱ्या औषधींना आयुर्वेदात ‘मेध्य रसायन’ अशी संज्ञा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मंडूकपर्णीचा रस, दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार रसायने सांगितली असून त्यांत शंखपुष्पी विशेष मेध्य मानली आहे. गुळवेल कडुनिंबावर चढलेली आढळते. ब्राह्मीला मात्र ओलसर जमीन लागते. त्यामुळे कोरडवाहू भागात ती बहुधा दुकानातूनच आणली जाते. येथे नावाचा घोटाळा संभवतो. मंडूकपर्णी व जलब्राह्मी या दोन भिन्न वनस्पती ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने ओळखल्या जातात. शंखपुष्पी म्हणून काही ठिकाणी विष्णुक्रांता किंवा गोकर्ण वापरतात.

संशोधन काय सांगते?

जलब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत संशोधन झाले आहे. निरोगी व्यक्तींवरील काही लहान चाचण्यांत स्मरणशक्तीत थोडी सुधारणा दिसली. परंतु तिने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. गिंको या वृक्षाच्या पानांचा अर्क अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर तपासण्यात आला. तो स्मृतिभ्रंश टाळू शकत नाही, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. उलट, युरोपातील स्नोड्रॉप या फुलझाडात आढळणारे गॅलँटामिन हे द्रव्य अल्झायमर विकारावर मान्यताप्राप्त औषध ठरले. तेही लक्षणे काही काळ सौम्य करते. रोग समूळ घालवीत नाही.

प्रथम तपासणी

विस्मरणाची काही कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, ही त्यांपैकी होत. केवळ काढ्यावर विसंबल्यास उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. वनौषधी घ्यावयाची असल्यास नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी आणि चालू औषधांची माहिती त्यास द्यावी. अचानक भ्रम झाल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

गावाची जबाबदारी

ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी ग्रामपंचायतीने करावी आणि ती आशा कार्यकर्तीस द्यावी. शिक्षकांनी नातवंडांकडे आजी-आजोबांची विचारपूस करावी. वाट चुकणाऱ्या वृद्धाच्या खिशात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मुले परगावी असताना वृद्धांतील बदल प्रथम शेजाऱ्यांच्याच नजरेस येतो. तो वेळीच आरोग्य केंद्रापर्यंत पोचविणे, हे गावाचे कर्तव्य ठरते.