संगणकातील टपालाचे ओझे

कार्यालय उघडताच संगणक सुरू करावा, टपाल पाहण्यासाठी ई-मेलचा प्रोग्राम उघडावा आणि पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे पाहत स्वस्थ बसून राहावे, हा अनुभव आज अनेक कार्यालयांना परिचयाचा आहे. खिडकीपलीकडे दाखल्यासाठी आलेला शेतकरी उभा असतो. त्याच्या परतीच्या एस.टी.ची वेळ होत आलेली असते. “मशीन जुने झाले, नवे मागवावे लागेल,” असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. पुष्कळदा मात्र दोष यंत्राचा नसून त्यात वर्षानुवर्षे साचलेल्या टपालाचा असतो. हा दोष ओळखणे व दूर करणे सर्वसाधारण कर्मचाऱ्यालाही शक्य आहे. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या पारंपरिक ‘आउटलुक’ प्रोग्रामच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

प्रथम निदान

उपायापूर्वी निदान हवे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकाच वेळी दाबल्या म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. कोणता प्रोग्राम प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचा किती वापर करीत आहे, हे त्यात दिसते. आउटलुक सुरू असताना त्याच्या नावापुढील आकडे सतत चढे राहत असतील आणि तो बंद केल्यावर संगणक मोकळा होत असेल, तर कारण सापडले असे समजावे. आउटलुक बंद करूनही मंदपणा कायम राहिला, तर कारण अन्यत्र शोधावे लागेल.

कपाट का भरते?

आउटलुकमधील टपाल संगणकावर एकेका मोठ्या फाईलमध्ये साठते. या फाईलचे ‘पीएसटी’ व ‘ओएसटी’ असे दोन प्रकार आहेत. पीएसटी हे स्वतंत्र दप्तर होय. ओएसटी ही सर्व्हरवरील टपालाची स्थानिक प्रत होय. जुन्या पद्धतीच्या पीएसटी फाईलला 2 गीगाबाइटची मर्यादा होती. आउटलुक 2003 मध्ये नव्या पद्धतीच्या फाईलकरिता ती 20 आणि आउटलुक 2010 पासून 50 गीगाबाइट झाली. परंतु कपाटात जागा आहे म्हणून ते ठासून भरावे असे नाही. फाईल 10 गीगाबाइटच्या पुढे गेली की बहुतेक संगणकांवर काम मधून मधून अडखळू लागते.

वाढीचे मुख्य कारण जोडपत्रे हे होय. ई-मेलबरोबर पाठविताना जोडपत्राचे विशिष्ट सांकेतिक रूपांतर होते व त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. 9 मेगाबाइटचा स्कॅन केलेला प्रस्ताव अशा रीतीने सुमारे 12 मेगाबाइटचा होतो. त्याची एक प्रत पाठविलेल्या टपालात राहते आणि प्रत्येक स्मरणपत्रासोबत तोच प्रस्ताव पुन्हा जोडला की भर पडतच जाते.

क्रमाने करावयाचे उपाय

1. कंट्रोल कळ दाबून ठेवून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करावे. ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावयाचे काय, असा प्रश्न येतो, त्यास होकार द्यावा. अशा रीतीने प्रोग्राम वेगाने चालला, तर दोष बहुधा ‘ॲड-इन्स’ या जोड-प्रोग्रामांचा असतो. ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ या क्रमाने जाऊन अनावश्यक ॲड-इन्स एकेक करून बंद करावेत. सर्व एकदम बंद केल्यास नेमका दोषी कोण, ते कळत नाही.

2. साफसफाईपूर्वी आउटलुक बंद करून पीएसटी फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ही पायरी कधीही वगळू नये.

3. टपाल आकारानुसार लावून मोठी जोडपत्रे असलेले संदेश पाहावेत. आवश्यक जोडपत्रे संबंधित प्रकरणाच्या फोल्डरमध्ये जतन करावीत. निरुपयोगी संदेश काढून ‘डिलिटेड आयटम्स’ रिकामे करावे. सर्व्हरशी जोडलेल्या खात्यातून काढलेला संदेश सर्व्हरवरूनही जातो, याचे भान ठेवावे.

4. संदेश काढले तरी फाईल लगेच लहान होत नाही. आत रिकाम्या जागा राहतात. ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘डेटा फाइल्स’ येथे फाईल निवडून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ हा आदेश द्यावा. यास बराच वेळ लागू शकतो; म्हणून तो कामकाज संपताना द्यावा. ‘थंडरबर्ड’ वापरणाऱ्यांसाठी ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ हा आदेश हेच काम करतो.

5. एक्सचेंज सर्व्हरवरील खाते असल्यास संगणकावर किती कालावधीचे टपाल ठेवावे, हे ठरविता येते. हा कालावधी एक वर्ष ठेवला, तर जुने टपाल सर्व्हरवर सुरक्षित राहते आणि स्थानिक फाईल आटोपशीर होते.

6. पीएसटी फाईल नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर ठेवून वापरू नये. त्यामुळे काम मंदावते आणि फाईल बिघडण्याचाही धोका असतो. प्रोग्राम वारंवार बंद पडत असेल, तर आउटलुकसोबत येणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन वापरावे. मात्र फाईलची प्रत घेतल्यावरच. वेगासाठी विषाणूरोधक प्रोग्राम बंद करणे मात्र सर्वथा अयोग्य होय.

काय काढावे, काय राखावे?

शासकीय कार्यालयात खरा जबाबदारीचा प्रश्न येथेच उद्भवतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील ‘माहिती’ या संज्ञेत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 मध्येही संगणकाने तयार केलेल्या सामग्रीचा अभिलेखात समावेश आहे. तेव्हा फाईल जड झाली म्हणून सरसकट टपाल पुसून टाकणे म्हणजे अभिलेख कक्षातील रुमाल न सोडताच जाळण्यासारखे होय. ज्या नागरिकाच्या अर्जाचा एकमेव पुरावा त्या टपालात असेल, त्याचे नुकसान कोणताही नवा संगणक भरून काढू शकणार नाही.

मार्ग आपल्याच कार्यपद्धतीत आहे. कागदपत्रांसाठी आपण सहा गठ्ठा पद्धती आणि अ, ब, क, ड वर्गीकरण अनुसरतो. तोच विवेक ई-मेलला लावावा. प्रलंबित व प्रतीक्षाधीन टपाल समोर ठेवावे. निकाली प्रकरणांचे टपाल वर्षवार स्वतंत्र पीएसटी फाईलमध्ये हलवावे. नष्ट करावयाचे ते विहित मुदत संपल्यावर व सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच काढावे. वर्षवार फाईलमध्ये हलविलेले टपाल सर्व्हरवर उरत नाही. म्हणून त्या फाईलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असणे अगत्याचे आहे.

महिन्यातून एक दुपार या कामासाठी राखून ठेवली, तर नव्या यंत्राची मागणी पुष्कळदा टळेल. त्याहून मोठा लाभ म्हणजे खिडकीपलीकडील माणसाचा वेळ वाचेल आणि त्याचा कागद मागताच सापडेल.