झटका गिअरचा, दोष कोणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

तर्कशास्त्राच्या तासाला कार्यकारणभावाच्या पद्धती शिकताना आपल्यापैकी अनेकांना वाटते की हे सारे परीक्षेपुरते आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली आपल्या ग्रंथात मांडलेल्या पाच पद्धती आपण पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. माझेही तसेच झाले असते. परंतु गेल्या वर्षी वसई फाट्याजवळच्या माझ्या मामांच्या गॅरेजमध्ये एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आली आणि त्या पद्धती मला नव्याने समजल्या.

गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती. पंधरा वर्षांहून जुनी, वसईला स्वतंत्र एमएच-४८ क्रमांक मिळण्यापूर्वीची, म्हणून पाटीवर एमएच-०४. सरांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. क्लच दाबणे त्यांना जमत नाही, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी ही त्यांची चैन नसून गरज आहे. तक्रार अशी की, सिग्नलपाशी वेग कमी करताना, गाडी थांबायच्या बेतात असता, खालचा गिअर पडताना ‘धप्प’ असा झटका बसे. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले होते की गिअरबॉक्स संपला, उतरवून नवा बसवावा लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या आसपास जात होता. सर मामांना म्हणाले, “अहो मिस्त्री, तेवढे पैसे मजजवळ नाहीत. तुम्हीही तेच म्हणणार असाल तर गाडी भंगारात देतो.”

निदान समजण्यासाठी यंत्राची थोडी ओळख हवी. सर्वसामान्यांसाठी मोठ्या संख्येने तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली आणला. त्याचे नाव हायड्रामॅटिक. पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, पण तेलाच्या दाबाने गिअर बदलण्याचे मूळ तत्त्व या जातीच्या गिअरबॉक्सात आजही तेच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढाच फरक. त्यामागे गिअरची चाके व क्लचच्या चकत्यांचे संच असतात. कोणता संच केव्हा आवळायचा हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा तेलाच्या वाटांचा भाग ठरवतो आणि नंतरच्या गाड्यांत त्याला संगणक आज्ञा देतो.

आता झटका का बसतो ते पाहू. तिसऱ्या गिअरचे प्रमाण १ आणि दुसऱ्याचे १.५ धरा. चाकांचा वेग तोच असताना दुसरा गिअर पडला की गिअरबॉक्सच्या आतल्या दांड्याला दीडपट वेगाने फिरावे लागते. हा बदल सावकाश झाला तर बसणाऱ्याला कळतही नाही. परंतु तेलाचा दाब गरजेपेक्षा अधिक असेल तर चकत्या एकदम आवळल्या जातात आणि धक्का बसतो. दाब किती ठेवायचा हे मुख्यतः पायडल किती दाबले आहे यावर ठरते. जुन्या गाड्यांत हा निरोप केबलने किंवा व्हॅक्यूमच्या नळीने जाई, नंतरच्या गाड्यांत तो सेन्सरने जातो. निरोप चुकीचा गेला तर निरोगी गिअरबॉक्सही चुकीचे वागतो.

म्हणजे कार्य एक आणि संभाव्य कारणे अनेक. तेल कमी किंवा जुने, चुकीच्या जातीचे तेल, इंजिनची रेस जास्त, फाउंडेशनचे रबर फाटलेले, सेन्सर बिघडलेला, सोलेनॉइड अडकलेला, आणि सर्वांत शेवटी चकत्या झिजलेल्या. मामांचा नियम साधा आहे: “जे न उघडता तपासता येते ते आधी, जे उघडावे लागते ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.”

मामांनी मला वही घेऊन शेजारी बसवले आणि महामार्गाने शिरसाडपर्यंत ट्रायल मारली. “झटका बसला की लिही. इंजिन थंड की गरम, एसी चालू की बंद, सगळं लिही.” परत आलो तेव्हा वहीत दोन गोष्टी स्पष्ट होत्या. सकाळी इंजिन थंड असताना झटका मोठा होता, गरम झाल्यावर कमी झाला, आणि एसी लावताच पुन्हा वाढला. थंड इंजिन आणि एसी यांत समान काय? दोन्ही वेळी इंजिनची रेस वाढते. हीच अन्वयपद्धती. रेस जितकी जास्त तितका झटका मोठा, हे सहचारी परिवर्तन. गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वीच संशयाचे बोट दुसरीकडे वळले होते.

तेल तपासले. पातळी बरोबर, रंग तपकिरीकडे झुकलेला, पण जळका वास नाही, धातूची चमक नाही. (पातळी तपासण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते. बहुतेकांत इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून. म्हणून त्या गाडीचे पुस्तक पाहावे.) मग ब्रेक घट्ट दाबून गिअर डी वरून आर वर नेला, तेव्हा इंजिन जागच्या जागी उसळले. एक फाउंडेशन फाटले होते. सर म्हणाले, “तेलही बदला, फाउंडेशनही बदला, काय ते एकदाच करून टाका.” मामा म्हणाले, “सर, दोन्ही एकदम केलं तर गुण कशानं आला ते मला कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तुमचेच पैसे जातील.” व्यतिरेकपद्धतीचे याहून सोपे विवरण मी कोठे वाचलेले नाही: बाकी सारे तसेच ठेवून एकच घटक बदलणे.

फाउंडेशन बदलल्यावर झटका निम्म्याने उतरला, गेला मात्र नाही. जेवढ्याचे कारण सापडले तेवढे वजा केले, उरलेल्याचे कारण अजून शोधायचे होते. ही अवशेषपद्धती. मीटर लावून पाहता पायडल पूर्ण सुटलेले असतानाही सेन्सर ते किंचित दाबलेले दाखवत होता. मामांनी थ्रॉटल उघडला तर आत कार्बनचा थर. पूर्वी केव्हातरी त्या कार्बनमुळे गाडी बंद पडत असावी आणि कोणीतरी साफसफाई न करता स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवली असावी. त्यामुळे चालक ब्रेक दाबत असताना गिअरबॉक्सला निरोप जाई की चालक वेग मागतो आहे, आणि तो इमानेइतबारे दाब वाढवी. थ्रॉटल साफ केला, स्क्रू जागेवर आणला, रेस उतरली. पुन्हा शिरसाडपर्यंत गेलो. झटका नव्हता. तेल त्यानंतर बदलले, तेही केवळ जुने झाले होते म्हणून. साऱ्या कामाचा खर्च सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही.

याचा अर्थ गिअरबॉक्स नेहमी निर्दोषच असतो असा नव्हे. तेलाला जळका वास येणे, त्यात धातूचा चुरा दिसणे, इंजिनचा आवाज वाढूनही गाडी पुढे न जाणे, किंवा पायडल दाबल्यावर आधी रेस चढून मग धक्का बसणे, या खुणा असतील तर चकत्या झिजल्या असण्याचा संभव मोठा. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर आत पाणी गेले समजावे. जुलै २०१८ सारखे पाणी ज्या वसई-नालासोपाऱ्याने पाहिले, तेथे ही खूण विसरून चालणार नाही. अशी गाडी चालवत न नेता ओढून न्यावी, कारण पाण्याने चकत्यांवरचा थर सुटतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहत असेल तर संगणकाने बचावाचा मार्ग धरला आहे असे मानून प्रथम वायरिंग आणि सोलेनॉइड तपासावे.

ज्या मिस्त्रीने गिअरबॉक्सला दोष दिला तो अप्रामाणिक होता असे मला म्हणायचे नाही. त्याने झटके देणाऱ्या पुष्कळ गाड्या पाहिल्या असतील आणि त्यांतल्या पुष्कळांचे गिअरबॉक्स खराब निघाले असतील. परंतु एका कार्याला अनेक कारणे असू शकतात, हे तो विसरला. मिलने हाच इशारा दिला आहे आणि आपण तो पाच गुणांसाठी लिहितो.

माझे मामा सातवीपर्यंत शिकले आहेत. त्यांना मी या पद्धतींची नावे सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, “नावं तुझ्याकडं राहू दे. वही मात्र माझ्याकडं ठेव.” ती वही आता गॅरेजच्या फळीवर असते. सरांची गाडी अजून रस्त्यावर आहे.