लॅटिन महाकाव्य वाचताना: मात्रा आधी, अर्थ मागून

व्हर्जिलचे ‘ईनिड’ 12 सर्गांचे, सुमारे 9,900 ओळींचे आहे. इ.स.पू. 19 मध्ये कवी वारला तेव्हा त्यावर शेवटचा हात फिरायचा राहिला होता. काही ओळी अर्ध्याच आहेत. नवशिक्याला त्यातली विस्कटलेली शब्दरचना भिववते, पण संस्कृत श्लोकांचा अन्वय लावलेल्याला ती नवी नाही. खरी फसगत स्वरांच्या लांबीत होते. बहुतेक आवृत्त्यांत दीर्घत्वाची खूण नसते. त्यामुळे पहिल्या वर्गातल्या नामाची ऱ्हस्व अंत्य स्वराची प्रथमा आणि दीर्घ अंत्य स्वराची ॲब्लेटिव्ह विभक्ती छापलेली सारखीच दिसतात. फरक सांगते ते वृत्त.

हे वृत्त सहा गणांचे. पहिल्या चारांत भगण किंवा दोन गुरू, पाचवा बहुधा भगण, सहावा दोन अक्षरांचा. शेवटचे अक्षर गुरू धरल्यास मात्रा 24.

प्रस्तुत लेखकाच्या शिक्षकांनी ‘वृत्त नंतर पाहू’ म्हणत पहिल्या सर्गाच्या 756 ओळी मुक्यानेच वाचून घेतल्या. ते ‘नंतर’ आलेच नाही. चौथ्या सर्गात लेखकाने एका ओळीच्या मात्रा हौसेने मोजल्या. कर्ता मानलेल्या शब्दाचा शेवटचा स्वर दीर्घ निघाला. तो कर्ता नव्हताच. वही मागे चाळली तर हीच चूक पानोपानी होती, आणि तिच्याचबद्दल लाल शाईने गुण कापलेले होते. विचारल्यावर उत्तर मिळाले, “हे तुमचं तुम्हाला दिसायला हवं होतं.” जे शिकवलेच नाही त्याचा दोष शिकणाऱ्याच्या माथी मारणे आजही पटत नाही.

शब्दकोश उघडण्यापूर्वी ओळ पेन्सिलीने मोजावी. स्वरान्त किंवा ‘म’कारान्त शब्दापुढे स्वर वा ‘ह’ आला तर आधीच्या शब्दाचे शेवटचे अक्षर गळते. ते आधी खोडावे, नाहीतर मोजणी कधीच जुळत नाही. मग ओळीच्या टोकाकडून मागे यावे, कारण शेवटची पाच अक्षरे जवळजवळ ठरलेली असतात. रोज थोडे, पण मोठ्याने वाचावे. सुरुवातीला ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधल्या सुट्या कथा सोप्या जातात.

मराठी विद्यार्थ्याने एक सवय मात्र आवरायला हवी. संयोगापूर्वीचे अक्षर लॅटिनमध्येही गुरू होते. पण ‘पत्रिस’सारख्या शब्दात, जिथे स्पर्श व्यंजनामागे ‘र’ किंवा ‘ल’ येतो, तिथे ते कवीच्या सोयीने लघूही राहते.