ऊन, कातडी आणि वनस्पतींतील रक्षक द्रव्यें

पारशिवनी तालुक्यांतील शेतकऱ्याचे चैत्र-वैशाख उघड्या उन्हांत जातात. उन्हाळी नांगरट किंवा संत्र्याच्या बागेचें ओलीत हीं कामें सावली पाहून करितां येत नाहींत. वनस्पतींच्या अर्काच्या गोळ्यांनीं उन्हामुळें होणारा कातडीचा कर्करोग टळतो, असें हल्लीं पुष्कळांच्या कानांवर येतें. त्यांत तथ्य किती, हें पाहूं.

सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतील आखूड लहरींचे किरण पेशींतील आनुवंशिक द्रव्यावर प्रत्यक्ष आघात करितात. लांब लहरींचे किरण खोल शिरून प्राणवायूचे अतिक्रियाशील कण उत्पन्न करितात, व ते कणहि त्याच द्रव्यास इजा करितात. ही इजा वर्षानुवर्षें सांठली म्हणजे कर्करोगाचा संभव वाढतो. झाडास सावलींत जातां येत नाहीं. म्हणून तें अशा कणांस निष्प्रभ करणारीं द्रव्यें स्वतःच तयार करितें. टोमॅटोंतील लायकोपीन, गाजरांतील बीटा-कॅरोटीन व संत्र्यांतील क जीवनसत्त्व हीं त्यांतलींच होत. तथापि पश्चिमेकडील उघडें संत्रें कडक उन्हानें भाजतेंच, हें बागाईतदारांस ठाऊक आहे. म्हणजे या रक्षणास मर्यादा आहे.

मनुष्यावरील प्रयोगांचा निष्कर्षहि असाच आहे. जर्मनींतील २००१ सालच्या एका लहान प्रयोगांत दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट रस तेलासह खाणाऱ्यांच्या कातडीस अतिनील किरणांनीं येणारी लाली सुमारें ४० टक्के कमी आढळली. परंतु लाली कमी होणें म्हणजे कर्करोग टळणें नव्हे. ऑस्ट्रेलियांतील नॅम्बूर येथें १९९२ ते १९९६ पर्यंत सोळाशेंहून अधिक लोकांवर प्रयोग झाला. रोज सूर्यरक्षक मलम लावणाऱ्यांत एका जातीच्या कर्करोगाच्या गांठी सुमारें ४० टक्क्यांनीं कमी झाल्या. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनीं मात्र कांहींच फरक पडला नाहीं. उलट फिनलंडमध्यें विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत याच गोळ्यांनीं फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं वाढल्याचें १९९४ सालीं दिसून आलें.

आपल्या सांवळ्या कातडींतील रंगद्रव्य उन्हास बरेंच अडवितें, म्हणून हा रोग आपल्याकडे विरळा आहे. जन्मतःच ज्यांच्या कातडींत रंगद्रव्य नसतें, त्यांस मात्र उन्हाचें भय मोठें. इतरांत जुन्या भाजल्याचा व्रण किंवा सततचें घर्षण हेंहि कारण असतें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. खानोलकर यांनीं १९४५ सालीं, घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणानें कमरेवर होणारा कर्करोग वर्णिला. ती जागा तर वस्त्राखालीं झांकलेली! अशा रोगास उन्हावरील गोळी काय करणार?

तात्पर्य, टोमॅटो, गाजर व संत्रीं आहार म्हणून अवश्य खावीं. औषध म्हणून त्यांवर विसंबूं नये. भर दुपारचें काम सकाळ-संध्याकाळीं वांटून घ्यावें; पूर्ण बाह्यांचा सदरा व डोक्यामानेवर दुपट्टा असावा. लिंबाचा रस किंवा बावचीचा लेप कातडीस लावून उन्हांत जाऊं नये. त्यानें कातडी अधिकच पोळते व फोड येतात. धोतराची किंवा लुगड्याची गांठ सैल ठेवावी. आणि एखादा व्रण महिनाभरांत भरला नाहीं, वाढूं लागला किंवा त्यांतून रक्त येऊं लागलें, तर पाल्याचा लेप लावीत न बसतां नागपुरास मोठ्या रुग्णालयांत दाखवावा. हा रोग लवकर ओळखला तर बहुधा पूर्ण बरा होतो. उशीर केल्यास हातपाय, प्रसंगीं जीवहि, गमवावा लागतो.